पासंग

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या तोंडाशी,
मुर्तझाभाई काटावाला यांचं दुकान
म्हणजे जिन्याखालची साडेतीन फूट जागा.
दर जुलैत मी जाते, त्यांचं विवरणपत्र भरायला.
कर बसत नाही. बसण्याइतकं काही नाहीच.
तरी ते डब्यातल्या चिठ्ठ्या एकेक उलगडतात,
चष्मा कपाळावरून नाकावर ओढतात:
"लिहा खांबेटेबाई, सगळं लिहा."

पितळी तराजू आता येतात ते
हॉटेलांच्या भिंतींसाठी.
आणणाऱ्याला ते विचारतात, तोलायचाय की टांगायचाय?
टांगायचा असेल तर तसाच घेऊन जा,
माझ्या हाताला त्यात काम नाही.

या वर्षी चिठ्ठ्या संपल्यावर
त्यांनी एक तराजू आकड्याला अडकवला.
दोन्ही पारडी रिकामी.
काटा डावीकडे कललेला, केसभर.
मग हरभऱ्याएवढा शिशाचा तुकडा
तारेनं उजव्या साखळीला बांधला,
आणि काटा उभा राहिला.
"वजन सगळे बघतात," ते म्हणाले,
"रिकामा असताना तो कुठे उभा असतो
ते बघायला कोणी थांबत नाही."

मी बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब लिहिते आहे.
स्वतःचा म्हणाल तर धायरीचा फ्लॅट,
एकशे सात हप्ते बाकी.
थांब्यावर उभी असते, बस नसते,
हातात पिशवी, डोक्यात म्हटलं तर काही नाही,
तेव्हाही काटा कलतोच.
व्याजदराकडे. जावेच्या नव्या सोफ्याकडे.
मागच्या साली न घेतलेल्या, आता दुप्पट झालेल्या
सहा ग्रॅमकडे.
मला वाटायचं, मी विचार करते.
तो विचार नव्हताच. बेरीज होती,
तीच ती, रोज नव्यानं मांडलेली,
आणि रोज हातचा विसरलेली.

पैसा वाईट, असं म्हणायला जीभ वळत नाही.
आईच्या डोळ्याला पैसाच लागला.
पट्टी सुटली, तिला उजेड दिसला, मी दिसले,
आणि तिनं पहिल्यांदा वाचलं काय,
तर बिल.
"एवढे?" म्हणाली,
आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

दुकानात मागच्या खिळ्याला एक तराजू आहे,
सराफी, तळहातावर मावेल एवढा.
अकरा वर्षांपूर्वी कुणी दुरुस्तीला दिला,
पावती नेली, परत आला नाही.
मुर्तझाभाई दर सोमवारी त्याला तेल देतात,
रिकामा धरून बघतात,
पुन्हा खिळ्याला लावतात.
मी विचारलं, कशाला?
"गंजला तर खोटं बोलायला लागेल."
"पण कोणाशी?"
त्यांनी बशीत चहा ओतला,
फुंकर मारली,
आणि प्यायला लागले.

मला एकदम राग आला, कुणाचा ते कळेना.
कागद पुढे ओढून म्हटलं,
हे कोणत्या रकान्यात लिहू, सांगा.
"तेल लिहा," म्हणाले. "पंचवीसची बाटली, वर्षाला दोन.
सोमवार राहू द्या."

येताना मंडईत लसूण घ्यायला थांबले.
बाईचा काटा इलेक्ट्रॉनिक, वर निळी ताडपत्री,
ताट रिकामं, आणि आकडा: बारा ग्रॅम.
बारा ग्रॅमनं काय होतं?
माझ्या मागे चार माणसं होती, एकाला घाई होती.
"आधी शून्य करा," मी म्हटलं,
जरा मोठ्यानंच निघालं तोंडातून.
तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग आकड्याकडे,
आणि अंगठ्यानं बटण दाबलं.

पाव किलो लसूण.
सुटे मात्र तिच्याकडे नव्हते,
आणि माझ्याकडेही.